पूर्वसंशोधन कसे शोधले, हेही विचारा

मानसशास्त्र विभागांचे प्रमुख, संशोधनपद्धती शिकवणारे प्राध्यापक, प्रबंधांचे परीक्षक आणि विद्यापीठ ग्रंथालयांतील ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

मानसशास्त्रातील कोणताही लघुप्रबंध उघडला, तर त्याच्या पद्धतीच्या प्रकरणात विद्यार्थ्याने काय केले याचा जवळजवळ प्रत्येक तपशील सापडतो. नमुना कसा निवडला, कोणती मापनश्रेणी वापरली, तिची विश्वसनीयता किती आहे, आधारसामग्रीचे विश्लेषण कोणत्या संख्याशास्त्रीय चाचणीने केले, हे सारे आपण त्याच्याकडून लिहून घेतो आणि त्यातला एखादा दुवा राहिला तर प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवतो. मात्र त्याच प्रबंधात त्याआधी पूर्वसंशोधनाचा आढावा असतो. त्या आढाव्यातले शोधनिबंध कुठून आले, कोणत्या डेटाबेसमध्ये कोणते शब्द वापरून ते शोधले, किती सापडले आणि त्यातले कोणते का वगळले, याबद्दल तिथे एक ओळही नसते. आपण ती मागत नाही, म्हणून ती नसते. ती मागितली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आढाव्याच्या शेवटी एक वाक्य बहुधा ठरलेले असते: या विषयावर फारसे संशोधन झालेले आढळत नाही. प्रस्तुत अभ्यासाची गरज याच वाक्यावर उभी केली जाते. पण हे वाक्य म्हणजे विद्यार्थ्याचे मत नव्हे. ते वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे आणि ते कितपत खरे आहे हे शोध कसा घेतला यावर पूर्णपणे अवलंबून आहे. ज्याने एकाच ठिकाणी, एकाच शब्दाने, पहिल्या पानापुरते पाहिले त्याला काही आढळले नाही, आणि ज्याने तीन डेटाबेसमध्ये विषयसंज्ञा (डेटाबेसने प्रत्येक विषयासाठी ठरवून दिलेले शब्द) व पर्यायी शब्द धरून पाहिले त्यालाही काही आढळले नाही, तर या दोन 'आढळले नाही'ची किंमत सारखी असू शकत नाही. परीक्षक म्हणून आपल्यासमोर दोन्ही वाक्ये अगदी एकाच रूपात येतात आणि त्यांतले कोणते कसे तयार झाले हे कळण्याचा मार्ग आपल्याकडे नसतो. गृहीतक ज्या पायावर मांडले आहे तो पाया न तपासता आपण वरच्या बांधकामाचे गुण देतो, ही गोष्ट मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करत आली आहे.

विद्यार्थी आळशी आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते शोधतात आणि खूप वेळ शोधतात. पण कुठे शोधावे आणि सापडलेल्या गोष्टीचा अर्थ काय लावावा हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. पहिला घोळ होतो तो डेटाबेसच्या निवडीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा सायकइन्फो हा मानसशास्त्राच्या संशोधनाची सूची आणि सारांश देणारा डेटाबेस आहे. 1927 ते 2006 या काळात छापील स्वरूपात निघणाऱ्या 'सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स'चा तो वारस. त्यात नियतकालिकांतील निबंधांबरोबर पुस्तकांतील प्रकरणे आणि प्रबंधही नोंदलेले असतात, पण तो स्वतः पूर्ण मजकुराचा साठा नाही. सायकआर्टिकल्स हा त्याच संस्थेचा वेगळा डेटाबेस असून त्यात प्रामुख्याने त्या संस्थेच्याच नियतकालिकांचा पूर्ण मजकूर मिळतो. नावे इतकी जवळची आहेत की विद्यार्थी एकाला दुसरा समजतो. सायकआर्टिकल्समध्ये शोध घेऊन तो संपूर्ण मानसशास्त्र चाळल्याच्या समाधानात परततो, किंवा सायकइन्फोमध्ये 'फुल टेक्स्ट' या चौकटीवर खूण करून, ग्रंथालयाला त्या क्षणी जे उघडता येते तेवढेच संशोधन अस्तित्वात आहे असे धरून चालतो. ही एक खूण आढाव्याची दिशा बदलते, कारण कोणता निबंध चटकन उघडतो हे वर्गणीच्या करारांवर ठरते, त्या निबंधाच्या महत्त्वावर नव्हे. पूर्ण मजकूर मिळवण्याचा प्रश्न शोध संपल्यानंतरचा आहे. तो शोधाच्या आधी आणून ठेवला की काय वगळले गेले हे कधी कळतच नाही.

विषय चिकित्सालयीन किंवा मेंदूशी संबंधित असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे पबमेड पाहिलेच पाहिजे, आणि शैक्षणिक मानसशास्त्राचा असेल तर 1960च्या दशकापासून चालू असलेला एरिक पाहिला पाहिजे. हे दोन्ही कुणालाही विनामूल्य खुले आहेत, त्यामुळे ज्या संस्थेला सायकइन्फोची वर्गणी परवडत नाही तिथेही शिस्तबद्ध शोध शिकवता येतो. गुगल स्कॉलर 2004पासून आहे आणि त्याचा उपयोग मी नाकारत नाही. एखाद्या निबंधाचा पुढे कुणी कुणी उल्लेख केला हे पाहायला ते फार सोयीचे आहे. पण त्यात विषयसंज्ञांची व्यवस्था नाही, क्रम कोणत्या निकषांवर लागतो हे पूर्णपणे उघड नाही, आणि लाखो निकाल असल्याचे दाखवले तरी प्रत्यक्षात पहिले 1000च पाहता येतात. आढाव्याचा एकमेव आधार म्हणून ते पुरेसे नाही.

दुसरी अडचण शोधाच्या भाषेची आहे, आणि ती मानसशास्त्रात इतर अनेक विषयांपेक्षा जास्त बिकट आहे, म्हणून तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधते. विद्यार्थी आपला प्रश्न पूर्ण वाक्यात टंकित करतो. समाजमाध्यमांच्या वापराचा किशोरवयीन मुलांच्या एकटेपणाशी काही संबंध आहे का, असा त्याचा प्रश्न असेल, तर त्यात तीन संकल्पना आहेत: समाजमाध्यमे, किशोरवय आणि एकटेपणा. प्रत्येक संकल्पनेसाठी संशोधक जे जे शब्द वापरतात ते 'ऑर'ने जोडून कंसात ठेवायचे आणि असे तीन कंस 'अँड'ने एकमेकांना जोडायचे, ही रीत अर्ध्या तासात समजते. ती समजली की मग खरे विचाराचे काम सुरू होते, कारण एकटेपणाच्या कंसात 'सोशल आयसोलेशन' घालावे की नाही हा तंत्राचा प्रश्न राहत नाही. एकटेपणा ही व्यक्तीला येणारी जाणीव आहे आणि सामाजिक विलगता म्हणजे तिच्या संबंधांची प्रत्यक्ष स्थिती. माणसांच्या गराड्यात असूनही एकटे वाटते आणि एकांतात राहूनही वाटत नाही. विद्यार्थी आपल्याला नेमके काय मोजायचे आहे हे ठरवतो तेव्हाच त्याला आपल्या कंसात काय हवे हे ठरवता येते. मार्गदर्शक म्हणून मला असे वाटत आले आहे की विद्यार्थ्याला संकल्पना कितपत कळली आहे हे त्याच्या शोधवाक्यात जितके स्वच्छ दिसते तितके ते त्याच्या प्रस्तावनेतही दिसत नाही.

मानसशास्त्राचे हे दुखणे जुने आहे. एकाच गोष्टीला दोन वेगळी नावे दिली की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजण्याच्या चुकीला ट्रुमन केली यांनी 1927मध्येच नाव दिले होते. अलीकडचे उदाहरण 'ग्रिट'चे आहे. दीर्घकालीन ध्येयासाठीची चिकाटी आणि ओढ या अर्थाने ही संकल्पना अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007मध्ये मांडली आणि ती फार वेगाने पसरली. 2017मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी 88 नमुन्यांतील 66,807 व्यक्तींच्या आधारसामग्रीचे मेटा-ॲनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांच्या निष्कर्षांचे एकत्रित संख्याशास्त्रीय विश्लेषण, प्रसिद्ध केले, तेव्हा 'ग्रिट'चा 'कॉन्शिएन्शसनेस' (कर्तव्यदक्षता) या व्यक्तिमत्त्वगुणाशी इतका घनिष्ठ सहसंबंध दिसला की या दोन गोष्टी खरोखर वेगळ्या आहेत का, असा प्रश्न उभा राहिला. आता जो विद्यार्थी फक्त 'ग्रिट' हा शब्द टाकून शोधेल त्याला 2007नंतरचेच संशोधन दिसेल, आणि चिकाटी व शैक्षणिक यश यांच्या संबंधावर त्याआधीच्या दशकांत 'कॉन्शिएन्शसनेस'च्या नावाखाली जे प्रचंड काम झाले ते त्याच्यापुरते झालेच नाही असे होईल. तो प्रामाणिकपणे लिहील की हा विषय नवा आहे.

रोगनिदानाच्या नावांचेही तेच होते. युद्धातून आलेल्या मानसिक आघाताबद्दल 1915मध्ये चार्ल्स मायर्स 'शेल शॉक' या नावाखाली 'लॅन्सेट'मध्ये लिहीत होते. 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे नाव अमेरिकन निदानसंहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत 1980मध्ये आले. त्याच संहितेच्या पाचव्या आवृत्तीने 2013मध्ये 'ॲस्पर्गर्स डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान काढून ते 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर'मध्ये सामावून घेतले. आजच्या नावाने शोधले की कालचे संशोधन निसटते आणि कालच्या नावाने शोधले की आजचे.

नेमक्या याच अडचणीसाठी विषयसंज्ञांचा कोश तयार झाला. सायकइन्फोचा थिसॉरस पहिल्यांदा 1974मध्ये प्रसिद्ध झाला. निबंध कशाविषयी आहे हे पाहून त्याला या कोशातील ठरावीक संज्ञा जोडल्या जातात, लेखकाने शीर्षकात कोणताही शब्द वापरलेला असो. कोशात प्रत्येक संज्ञेची व्याप्ती सांगितलेली असते, तिच्याहून व्यापक, तिच्याहून संकुचित आणि तिच्याशी संबंधित संज्ञा दिलेल्या असतात, आणि ती संज्ञा कोणत्या वर्षापासून वापरात आली हेही लिहिलेले असते. हे शेवटचे वर्ष फार मोलाचे आहे, कारण त्याआधीच्या नोंदी दुसऱ्या कोणत्या तरी संज्ञेखाली असण्याची शक्यता असते. मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या अनेकांनी हा कोश एकदाही उघडलेला नसतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. शोधाचे साधन म्हणून तर त्याचा उपयोग आहेच, पण एखादी संकल्पना तिच्या शेजारच्या संकल्पनांमध्ये कुठे बसते याचा इतका सुटसुटीत नकाशा विद्यार्थ्याला दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

केवळ विषयसंज्ञांवर विसंबणेही मात्र चुकीचे ठरते. अगदी नव्या निबंधांना संज्ञा जोडण्याचे काम पूर्ण झालेले नसते आणि नव्याने मांडलेल्या संकल्पनेसाठी कोशात संज्ञाच नसते. म्हणून प्रत्येक संकल्पनेसाठी कोशातली संज्ञा आणि शीर्षक-सारांशातले मुक्त शब्द अशी दोन्ही बाजूंनी मांडणी करून ती 'ऑर'ने जोडावी लागते. वयोगट आणि संशोधनप्रकार यांच्या गाळण्यांनाही हीच मर्यादा लागू आहे. सायकइन्फोमध्ये किशोरवय म्हणजे 13 ते 17 वर्षे असा निश्चित गट आहे, आणि अनुभवाधारित अभ्यास, दीर्घकालीन अभ्यास, मेटा-ॲनालिसिस असे प्रकार निवडता येतात. ही सोय उत्तम आहे, पण ती नोंदकर्त्याने भरलेल्या रकान्यांवर चालते, आणि ज्या नोंदीत तो रकाना रिकामा आहे ती नोंद गाळणी लावताच निमूटपणे बाहेर पडते. 'नॉट' या शब्दाचा धोका याहून मोठा आहे. प्रौढांवरचे संशोधन हवे म्हणून मुलांचा उल्लेख असलेले निबंध 'नॉट'ने वगळले, तर प्रौढ आणि मुले यांची तुलना करणारे, कदाचित सर्वांत उपयुक्त असलेले, निबंधही त्यांच्याबरोबर जातात. शब्दाच्या मुळापुढे तारका लावून त्याची सगळी रूपे मिळवताना ती तारका कुठे लावली यावर पुष्कळ अवलंबून असते. उंदरांवरील प्रयोग शोधणाऱ्याने 'रॅट'च्या तीन इंग्रजी अक्षरांनंतर तारका लावली, तर त्याच अक्षरांनी सुरू होणारे 'रेट', 'रेशो' आणि 'रेटिंग' असलेले हजारो निबंध त्याच्यापुढे येऊन पडतात. दोन शब्द एकमेकांपासून किती अंतरावर असावेत हे सांगण्याच्या खुणा तर एबस्को, ओव्हिड आणि प्रोक्वेस्ट या, डेटाबेस ज्यांवरून उघडले जातात अशा, प्रत्येक मंचावर वेगळ्या आहेत, डेटाबेस तोच असला तरी. या गोष्टी ग्रंथपालाला रोजच्या सवयीने ठाऊक असतात आणि मानसशास्त्राच्या अध्यापकाला बहुधा नसतात. त्यात कमीपणा कसला? ती एक वेगळी विद्या आहे.

आता ज्या भागाला मी सर्वांत जास्त महत्त्व देते त्याकडे येते. शोध म्हणजे केवळ निबंध सापडणे नव्हे. त्या निबंधाचे पुढे काय झाले हे सापडणे हाही शोधच आहे. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 1998मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर चॉकलेट असताना ते टाळून मुळा खायला लावलेल्या व्यक्तींनी नंतर न सुटणारे कोडे इतरांपेक्षा लवकर सोडून दिले, आणि त्यावरून आत्मनियंत्रणाची शक्ती वापराने खर्ची पडते असा निष्कर्ष मांडला गेला. मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी 2010मध्ये 83 शोधनिबंधांतील 198 चाचण्या एकत्र करून मेटा-ॲनालिसिस केले आणि परिणाम मध्यमाहून थोडा मोठा असल्याचे दाखवले. तिथे थांबणाऱ्याला वाटेल की प्रश्न मिटला. पण 2016मध्ये, हॅगर यांच्याच नेतृत्वाखाली, 23 प्रयोगशाळांनी आधी नोंदवून ठेवलेल्या एकाच कार्यपद्धतीने 2,141 व्यक्तींवर पडताळणी केली तेव्हा परिणाम शून्याच्या जवळ आला. 2021मध्ये कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांनी 36 प्रयोगशाळांतील 3,531 व्यक्तींवर केलेल्या पडताळणीतही तो अगदी किरकोळ निघाला. या वादाचा शेवटचा निकाल काय लागतो हा माझा मुद्दा नाही. 1998चा निबंध अतिशय प्रसिद्ध आहे, त्याचा उल्लेख असंख्य ठिकाणी आहे, आणि 'सेल्फ-कंट्रोल' हा शब्द टाकून उल्लेखसंख्येनुसार क्रम लावला तर जुने प्रसिद्ध निबंधच वर येणार; त्यांच्यावर प्रश्नचिन्ह लावणारे नवे निबंध खाली राहणार. सापडलेल्या महत्त्वाच्या निबंधाच्या संदर्भसूचीतून मागे जाणे आणि त्याचा उल्लेख करणाऱ्यांच्या यादीतून पुढे येणे, या दोन्ही दिशांनी चालण्याची सवय विद्यार्थ्याला लावली नाही, तर तो प्रश्नाची 1998मधली किंवा 2010मधली अवस्था आजची म्हणून मांडतो. ज्या विद्याशाखेत 2015मध्ये 100 अभ्यासांची पुनर्पडताळणी झाली आणि मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ (म्हणजे केवळ योगायोगाने आले असण्याची शक्यता कमी असलेले) ठरलेले निष्कर्ष पडताळणीत 36 टक्क्यांतच सार्थ ठरले, त्या विद्याशाखेत तरी हे पुढे पाहणे ऐच्छिक असू नये.

मागे घेतलेल्या निबंधांची तपासणीही याच कामाचा भाग आहे. डिडेरिक स्टापेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आधारसामग्री बनावट तयार केल्याचे 2011मध्ये उघड झाले आणि पुढे त्याचे 58 निबंध मागे घेण्यात आले. छापील प्रत किंवा कुठूनतरी मिळालेली पीडीएफ हे सांगत नाही. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणारा 'रिट्रॅक्शन वॉच'चा डेटाबेस 2023पासून क्रॉसरेफ या, निबंधांची माहिती नोंदवणाऱ्या, संस्थेमार्फत सर्वांना खुला आहे आणि झोटेरोसारखे संदर्भव्यवस्थापक अशा निबंधाची सूचना आपणहून देतात. दोन मिनिटांचे हे काम आहे. ते प्रत्येक संदर्भसूचीसाठी व्हावे.

संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारून संदर्भ गोळा करण्याची पद्धत आता सर्वत्र रुळते आहे. शोधासाठी पर्यायी शब्द सुचवून घ्यायला तिची मदत होऊ शकते, पण ती अस्तित्वात नसलेले निबंधही खऱ्या लेखकांच्या, खऱ्या नियतकालिकांच्या नावांसह आणि पटण्याजोग्या डीओआय (निबंधाची कायमची ओळख देणाऱ्या) क्रमांकासह रचून देते. विद्यार्थ्याने प्रत्येक नोंद मूळ डेटाबेसमध्ये स्वतः उघडून पाहिली पाहिजे, हा नियम आपण लेखी स्वरूपात करावा. शोधाची नोंद मागितली की हा प्रश्न बराचसा आपोआप सुटेल, कारण रचलेल्या संदर्भाला शोधाचा माग नसतो.

ही नोंद कशी असावी हे नव्याने ठरवण्याची गरज नाही. पद्धतशीर आढाव्यांसाठी प्रिझ्मा ही मार्गदर्शक तत्त्वे 2009पासून आहेत, त्यांची सुधारित आवृत्ती 2020ची आहे, आणि केवळ शोधाच्या नोंदीसाठी 16 मुद्द्यांची प्रिझ्मा-एस ही पुरवणी 2021मध्ये आली. पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून पूर्ण पद्धतशीर आढाव्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल आणि मी ती सुचवत नाही. माझी मागणी एका पानाची आहे: कोणता डेटाबेस, कोणत्या मंचावरून, कोणत्या तारखेला पाहिला, शोधवाक्य जसेच्या तसे काय होते, कोणत्या गाळण्या लावल्या, किती नोंदी आल्या, दुबार आलेल्या काढल्यावर किती राहिल्या, आणि सारांश वाचून कोणत्या कारणांनी किती वगळल्या. हे पान परिशिष्टात जावे आणि त्याला गुण असावेत. गुण नसलेले पान कुणी मनापासून लिहीत नाही, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

यावर काही अध्यापकांचा आक्षेप मी ऐकला आहे की अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे आणि विद्यार्थ्यांवर आणखी एक ओझे नको. मला हा आक्षेप प्रामाणिक वाटतो, पण पटत नाही. शोधाची रीत न शिकवल्याने वेळ वाचत नाही. तो विद्यार्थ्याच्या रात्रींमध्ये जातो, एकच शब्द पुन्हा पुन्हा टाकण्यात आणि तेच निबंध नव्याने सापडण्यात जातो. शिवाय जागा करायचीच असेल तर संदर्भांची किमान संख्या ठरवून देण्याची प्रथा आपण सोडू शकतो. इतके संदर्भ हवेतच असे सांगितले की विद्यार्थी संख्या भरतो; न वाचलेले निबंध दुसऱ्याच्या सूचीतून उचलतो. त्याऐवजी कमी निबंध, पण ते का निवडले याचे स्पष्टीकरण, असे मागितले तर दोघांचाही वेळ सत्कारणी लागेल.

ग्रंथपालांना माझी वेगळी विनंती आहे. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून तासाभरात दाखवलेली डेटाबेसची ओळख बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, कारण त्या दिवशी कुणापाशी स्वतःचा प्रश्न नसतो. तोच तास संशोधनविषय ठरल्यानंतरच्या आठवड्यात ठेवा, आणि प्रत्येकाने आपल्या तीन संकल्पना लिहून आणाव्यात अशी अट घाला. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सर्व काही एकाच चौकटीत शोधण्याची सोय आज ठळकपणे दिलेली असते, ती सुरुवातीला ठीक आहे. पण मानसशास्त्राचा स्वतंत्र डेटाबेस वर्णानुक्रमे लावलेल्या लांबलचक यादीत हरवलेला असेल, तर त्याला विषयानुसार वर आणा आणि शेजारी दोन ओळींत तो कशासाठी आहे हे लिहा. ज्या निबंधाची वर्गणी नाही तो आंतरग्रंथालयीन देवघेवीतून कसा मागवावा, अनपेवॉलसारख्या साधनाने त्याची कायदेशीर खुली प्रत कशी शोधावी, लेखकाला प्रत मागणारे पत्र कसे लिहावे, हेही तिथेच सांगा. 'फुल टेक्स्ट'च्या चौकटीवर विद्यार्थी खूण करतो त्यामागे निबंध मिळणारच नाही ही भीती असते, आणि ती भीती तुम्हीच घालवू शकता.

आणि या सगळ्यानंतरही डेटाबेसमध्ये काय नसते, हे विद्यार्थ्याला सांगण्याची जबाबदारी अध्यापकांची आहे. ज्या अभ्यासात काही सार्थ निघाले नाही ते कपाटात पडून राहतात, ही अडचण रॉबर्ट रोझेनथाल यांनी 1979मध्येच मांडली होती. जेफ्री आर्नेट यांनी 2008मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा प्रमुख नियतकालिकांतील नमुने तपासले तेव्हा 68 टक्के नमुने एकट्या अमेरिकेतले आणि 96 टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. शोध कितीही काटेकोर घेतला तरी तो जे छापले गेले त्याच्यापुरताच असतो. म्हणून अप्रकाशित प्रबंध आणि 2016पासून उपलब्ध असलेल्या सायआर्काइव्हसारख्या पूर्वप्रकाशन संग्रहांकडेही, ते समीक्षित नाहीत याचे भान ठेवून, एक नजर टाकायला विद्यार्थ्याला सांगावे, आणि आढाव्यात आलेले नमुने कोणत्या समाजातले आहेत हे त्याच्याकडून लिहून घ्यावे.

विभागप्रमुखांनी येत्या सत्राचे नियोजन करताना संशोधनपद्धतीच्या विषयात किमान चार तास ग्रंथपालांसोबत संयुक्तपणे घेण्याची तरतूद करावी, आणि ते तास कोण घेणार हे वेळापत्रकात ग्रंथपालांच्या नावानिशी लिहावे. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत संख्याशास्त्रीय चाचणीबद्दलचा पहिला प्रश्न विचारण्याआधी आढाव्यातला कोणताही एक निबंध निवडून तो विद्यार्थ्याला कुठे आणि कोणत्या शब्दांनी सापडला, आणि त्याचा उल्लेख पुढे कुणी केला आहे, एवढे विचारावे. आपल्यापैकी कुणाच्या विभागात हे आधीच सुरू असेल, तर शोधनोंदीचा आपला नमुना आणि तिच्या गुणांकनाचे निकष इतर विभागांसाठी खुले करावेत.

आपली,
मानसशास्त्रातील संशोधनाचे मार्गदर्शन करणारी एक अध्यापिका